इंग्रजीतील नकारार्थी प्रश्न : रूप, उत्तर आणि इतिहास

सर टॉमस मोर याने विल्यम टिंडेलच्या मतांचे खंडन करण्यासाठी लिहिलेला विस्तीर्ण ग्रंथ १५३२ साली प्रसिद्ध होऊ लागला. त्याचा विषय धर्मशास्त्राचा होता. चर्चचा अधिकार, बायबलचे लोकभाषेतील भाषांतर आणि पाखंड हे वादाचे मुद्दे होते, आणि वाद केवळ शाब्दिक नव्हता. मोरचा शिरच्छेद १५३५ साली झाला, टिंडेलला १५३६ साली देहान्त शासन मिळाले. अशा या वादाच्या ऐन भरात मोर एकाएकी व्याकरणाकडे वळतो. टिंडेलने १५२६ साली वर्म्स येथे छापलेल्या नव्या कराराच्या भाषांतरात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, आपण संदेष्टा आहोत काय या पृच्छेला बाप्तिस्मा देणारा योहान ‘नो’ असे उत्तर देतो. मोरच्या मते येथे ‘नेय’ हवे होते. ‘नो’ हे शुद्ध इंग्रजी नव्हे.

या आक्षेपामागील नियम असा. प्रश्नाची रचना होकारार्थी असेल तर उत्तरात ‘येय’ किंवा ‘नेय’ यावे. रचना नकारार्थी असेल तर ‘येस’ किंवा ‘नो’ यावे. उदाहरणासाठी मोरने निवडलेला प्रश्नही बोचरा आहे. पाखंडी मनुष्य पवित्र ग्रंथाचे भाषांतर करण्यास योग्य आहे काय, असे कोणी टिंडेलला विचारले तर त्याने ‘नेय’ म्हणावे. योग्य नाही काय, असे विचारले तर ‘नो’ म्हणावे. गंमत अशी की, हा नियम सूत्ररूपाने सांगताना खुद्द मोरच्याच ग्रंथात शब्दांची उलटापालट झाली आहे. उदाहरणे बरोबर आहेत, सूत्र चुकले आहे. नियम शिकवणाऱ्यालाच तो सांगताना अडखळावे लागले, यावरून त्या काळी हा भेद कितपत जिवंत राहिला होता याविषयी शंका घेण्यास जागा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन पंडित जॉर्ज पर्किन्स मार्श याने या भेदाची पुन्हा चिकित्सा केली आणि तो जुन्या इंग्रजीत खरोखर पाळला जात होता असे प्रतिपादन केले. तथापि टिंडेलचे ‘नो’ पुढे १६११ सालच्या अधिकृत भाषांतरातही तसेच राहिले. व्याकरणाचा हा वाद टिंडेलच्या बाजूने सुटला, असे म्हणावयास हरकत नाही.

‘येस’ या शब्दाची व्युत्पत्तीही मोरच्या नियमाला पोषक आहे. प्राचीन इंग्रजीतील होकारवाचक ‘येआ’ या शब्दाला ‘असो’ अशा अर्थाच्या विध्यर्थी क्रियारूपाची जोड मिळून तो बनला असावा, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे हा साधा होकार नव्हे, तर समोरच्याचा नकार मोडून काढणारा जोरकस होकार होय. फ्रेंच भाषेतील ‘सी’ आणि जर्मनमधील ‘डोख’ हे शब्द आजही हेच कार्य करतात. इंग्रजीत मात्र ‘येस’ने साध्या होकाराचेही क्षेत्र व्यापले, आणि ‘येय’ व ‘नेय’ हे शब्द बोलीत, धर्मग्रंथांत व अमेरिकन काँग्रेसच्या मतमोजणीत शिल्लक उरले.

परंतु नकारार्थी प्रश्नाला निराळ्या उत्तराची गरज का भासावी? याचे कारण अशा प्रश्नाच्या दुहेरी अर्थात आहे. ‘तो आला नाही का?’ असे विचारणारा कधी न येण्याचीच खात्री करून घेत असतो. कधी ‘तो आलाच असेल’ अशी त्याची अपेक्षा असते. पहिल्या अर्थी नकार हा विचारलेल्या विधानाचा भाग आहे. दुसऱ्या अर्थी तो विधानाबाहेर राहून केवळ बोलणाऱ्याची अपेक्षा सुचवतो. लॅटिनने होकाराची अपेक्षा दाखविण्यासाठी ‘नोन्ने’ हे स्वतंत्र अव्यय योजिले होते, आणि प्राचीन इंग्रजीतील भाषांतरकार त्याच्या जागी ‘हू ने’ ही शब्दजोडी वापरीत. ही सोय पुढे लोपली. आजच्या इंग्रजीतील या दोन नकारांचा भेद रॉबर्ट लॅड याने १९८१ साली मांडला. वाक्याच्या शेवटी ‘सुद्धा’ या अर्थाचे ‘टू’ चालते की ‘ईदर’ चालते, यावरून तो पडताळता येतो. ‘इझन्ट जॉन कमिंग टू?’ यात जॉनही येणार अशी अपेक्षा आहे. ‘इझन्ट जॉन कमिंग ईदर?’ यात तोही येत नाही हेच गृहीत धरले आहे.

आता रूपाचा इतिहास पाहू. प्राचीन इंग्रजीत नकाराचे ‘ने’ हे अव्यय क्रियापदापूर्वी येई आणि प्रश्नात क्रियापद कर्त्यापुढे सरके : ‘ने क्युम्थ हे?’ मध्य इंग्रजीत ‘ने’ दुबळे झाले आणि त्याला आधार म्हणून क्रियापदानंतर ‘नॉट’चे पूर्वरूप येऊ लागले. पुढे ‘ने’ गळाले व आधारच मुख्य ठरला. ओटो येस्पर्सन याने १९१७ च्या आपल्या प्रबंधात हे आवर्तन अनेक भाषांतून दाखविले आहे. या अवस्थेतील प्रश्न ‘कमेथ ही नॉट?’ असा होता. त्यानंतर ‘डू’ या साहाय्यक क्रियापदाचा प्रवेश झाला. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगॉर्ड याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेवरून एक लक्षणीय गोष्ट दिसून येते. ‘डू’चा प्रसार सर्वांत आधी नकारार्थी प्रश्नांतच झाला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अशा प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्नांत ते आढळते. साध्या नकारार्थी विधानांत त्याचे प्रमाण तेव्हा निम्म्याहूनही पुष्कळच कमी होते. क्रियापद, कर्ता, नकार आणि कर्म यांची दाटी नकारार्थी प्रश्नात सर्वाधिक होत असल्यामुळे, क्रियापदाला कर्माशेजारी राहू देणारे ‘डू’ तेथेच प्रथम सोयीचे वाटले असावे.

यापुढची घटना लहान दिसते, पण परिणामाने मोठी आहे. ‘नॉट’ आखडून साहाय्यकाला चिकटले. येस्पर्सनच्या मते बोलण्यात हे १६०० च्या सुमारास घडले आणि लेखनात सुमारे १६६० पासून दिसू लागले. शिष्टांना ते रुचले नाही. ॲडिसनने १७११ साली ‘स्पेक्टेटर’मध्ये अशा आखूड रूपांविषयी नापसंती व्यक्त केली. पण त्याच्या नाराजीने प्रवाह थांबला नाही. पूर्वी ‘इझ ही नॉट’ यात सर्वनाम आधी व नकार नंतर येई. ‘इझन्ट ही’ यात नकार साहाय्यकाबरोबर कर्त्याच्याही पुढे गेला. अपेक्षादर्शक नकाराला ही अग्रस्थानाची जागा विशेष मानवली, आणि आज ‘इझ ही नॉट’ हे रूप औपचारिक किंवा ठासून विचारण्यापुरते उरले आहे. प्रथमपुरुषी एकवचनात मात्र या व्यवस्थेला भगदाड पडले. ‘ॲमन्ट आय’ स्कॉटलंड व आयर्लंडबाहेर रुजले नाही, ‘एन्ट’ अशिष्ट ठरले, आणि अखेर व्याकरणदृष्ट्या विसंगत असे ‘आर्न्ट आय’ शिष्टमान्य झाले. इंग्लंडच्या दक्षिणेत ‘र’चा उच्चार लोपल्यामुळे जुने ‘आन्ट’ आणि हे रूप कानाला एकच वाटत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही विसंगती फारशी चमत्कारिक वाटत नाही.

उत्तराच्या बाबतीत इंग्रजी आज प्रश्नाच्या रचनेकडे पाहत नाही. वस्तुस्थिती होकारार्थी असेल तर ‘येस’, नकारार्थी असेल तर ‘नो’. मराठीत खात्री करून घेणाऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे म्हणजे विचारणाऱ्याशी सहमत होणे होय : ‘तो आला नाही का?’ ‘हो, नाही आला.’ अपेक्षादर्शक प्रश्नात मात्र (‘आज सोमवार ना?’ किंवा ‘आज सोमवार आहे, नाही का?’) मराठी ‘हो’ आणि इंग्रजी ‘येस’ यांचा मेळ बसतो. म्हणून मराठी भाषकाचे ‘येस’ कधी बरोबर तर कधी उलटे पडते, आणि त्यामागे निष्काळजीपणा नसून दोन भाषांतील उत्तरपद्धतींचा फरक असतो. उलटतपासणीत ‘तुम्ही आरोपीला पाहिले नाही काय?’ या प्रश्नावर साक्षीदाराने ‘हो’ म्हटले आणि टिपणात ते ‘येस’ असे उतरले, तर न पाहिल्याची साक्ष पाहिल्याची ठरते. अशा ठिकाणी ‘हो, पाहिले नाही’ असे पूर्ण वाक्य वदवून घेऊन तेच इंग्रजीत नोंदविणे, एवढाच उपाय उरतो.