सुईला पर्याय शोधताना

इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की बहुतेक रुग्ण विचारतात, "याची गोळी नाही का हो?" प्रश्न भाबडा नाही. इन्सुलिन वापरात आल्यापासून, म्हणजे १९२२ पासून, संशोधकही तोच विचारत आले आहेत.

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं, आणि जे वाचतं ते आतड्याच्या अस्तरातून जेमतेमच पार होतं. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीच्या गोळीने चाचणीत साखर आटोक्यात ठेवली होती. पण मात्रा इतकी मोठी लागे की उत्पादन परवडेना, आणि ते काम थांबलं. तरी अभ्यासकांचा गोळीचा नाद सुटत नाही. स्वादुपिंडातलं इन्सुलिन थेट यकृतात पोचतं आणि जवळपास निम्मं तिथेच खर्ची पडतं. गोळीतलंही आतड्यातून आधी तिथेच जाईल; कातडीखाली टोचलेलं मात्र आधी सगळ्या अंगात फिरतं. सुईचं खरं उणेपण इथे आहे; दुखण्याचं म्हणाल, तर आजच्या चार मिलिमीटरच्या सुईने ते पुष्कळ कमी केलं आहे.

श्वासावाटे घ्यायच्या इन्सुलिनची कथा अधिक बोलकी. फायझरचं एक्झुबेरा २००६ मध्ये मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ते मागे घेतलं. औषध लागू पडत होतं, पण यंत्र अवजड, किंमत चढी आणि मात्रा युनिटांऐवजी मिलिग्रॅममध्ये. प्रयोगशाळेत जिंकलेलं औषध जेवणाच्या ताटापाशी हरलं, असं माझं मत. २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं अफ्रेझा मुठीत मावतं आणि झटकन काम करतं. आता भारतातही त्याला मंजुरी आहे. मात्र दमेकऱ्यांना ते वर्ज्य, आणि टाइप १ च्या रुग्णाला दिवसभर पुरणारं इन्सुलिन वेगळं घ्यावंच लागतं.

त्वचेवरच्या पट्ट्या आणि नाकातले फवारे अजून रोजच्या वापरापर्यंत आलेले नाहीत. पंप आले आहेत. सेन्सरला जोडलेला पंप रक्तातली साखर पाहून मात्रा कमी-जास्त करतो. आजघडीला सर्वांत भरवशाचा पर्याय मला तोच वाटतो, खर्चाची अडचण धरूनही.

औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्यांनी, परिचारिकांनी आणि जिज्ञासू रुग्णांनी या विषयात खुशाल शिरावं. रसायनशास्त्राची जुजबी ओळख पुरे. फक्त वाचून झाल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी आपलं इंजेक्शन बंद करू नये.