‘१०८०आय५०’ची कुळकथा

वाहिनीच्या प्लेआउट सर्व्हरवर आउटपुट रिझोल्यूशन ठरवायला एक ओळ पुरते. स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीने घडवून सर्वांसाठी खुल्या केलेल्या कॅस्परसीजी सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ती अशी असते: १०८०आय५०००. आपल्याकडच्या एचडी वाहिन्यांचे नेहमीचे माप हेच. पण यातला एकही आकडा सर्व्हर घडवणाऱ्यांच्या मनातून आलेला नाही.

सर्वांत जुना ५०. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा बेअर्ड यांची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत आलटूनपालटून चाले. काही महिन्यांतच दुसरी पद्धत कायम झाली. ती सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवायची, कारण ब्रिटनची वीज ५० हर्ट्झची होती. दोन्हींचा ठेका जुळला की विजेमुळे चित्रात उमटणारा पट्टा सरकत नसे. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ६०.

‘आय’ म्हणजे इंटरलेस, तोही याच पद्धतीतला. ५० पूर्ण चित्रे पाठवायला दुप्पट बँडविड्थ लागली असती आणि २५ पाठवली असती तर पडदा लुकलुकला असता. म्हणून आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या.

पन्नासपुढची दोन शून्ये अमेरिकेमुळे आली. १९५३ साली तिथे रंगीत पद्धत ठरली. रंगाच्या आणि आवाजाच्या लहरी एकमेकींत मिसळून चित्र बिघडू नये म्हणून ६०चा वेग किंचित घटवून ५९.९४ केला गेला. तो ‘५९९४’ असा लिहितात, म्हणून आपला ‘५०००’.

१०८०मागे मोठा समझोता आहे. ५२५ रेषांची अमेरिका-जपान आणि ६२५ रेषांचा युरोप-भारत यांना सामाईक ठरेल असे डिजिटल माप १९८२ साली ठरले, त्याच वर्षी आपले दूरदर्शन रंगीत झाले. १३.५ मेगाहर्ट्झने नमुने घेतले की एका रेषेत एकीकडे ८५८, दुसरीकडे ८६४ नमुने पूर्ण बसतात. त्यांतले दृश्य नमुने दोन्हीकडे ७२०. एचडीसाठी ते दुप्पट केले, १४४०. ४:३चा पडदा १६:९ इतका रुंदावला, १९२०. पिक्सेल चौरस हवे, म्हणून उंची १०८०.

आजचे सपाट पडदे पूर्ण चित्र एकदम दाखवतात, तरी इंटरलेस टिकून आहे. १०८०आय५० सेकंदाला १.४८५ गिगाबिटच्या एचडी-एसडीआय केबलमधून जाते. १०८०पी५०ला २.९७ गिगाबिट लागतात आणि त्यासाठी स्विचर, राउटर, मॉनिटर सगळेच बदलावे लागते. उलट, सर्व्हर १०८०पी२५वर नेला तर हालचालीचे टप्पे ५०वरून २५वर येतात आणि खालच्या पट्टीतली बातमी धक्के खात सरकते. ती ओळ बदलण्याआधी कॅमेऱ्यापासून प्रक्षेपणापर्यंतची अख्खी साखळी तपासलीच पाहिजे, कारण चुकीची शिक्षा घरी बसून ती बातमी वाचणाऱ्याला होते.