उघडी राहिलेली नलिका

गर्भवतीनें ग्रहणांत कांहीं चिरलें तर मूल व्यंग घेऊन जन्मतें, हा समज महाराष्ट्रांत घरोघर होता; अजूनहि तो सर्वस्वी गेलेला नाहीं. त्यांत आईच्या माथीं दोष येई, आणि खरें कारण अंधारांतच राही.

तें उजेडांत आलें १९४१ सालीं, सिडने शहरांत. आणि आणलें तें एका नेत्रवैद्यानें. नॉर्मन ग्रेग ह्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदु असलेलीं अर्भकें एकामागून एक येऊं लागलीं. चौकशीअंतीं दिसलें कीं, बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभीं जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, येऊन गेला होता. त्यांपैकीं पुष्कळ अर्भकांचें हृदयहि सदोष होतें. पुढें मातेचा अनावर मधुमेह, मद्य व कांहीं औषधें ह्यांचींहि नांवें ह्या यादींत आलीं.

रुबेलामुळें वारंवार राहणारा दोष असा. गर्भाचीं फुप्फुसें चालत नसतात. म्हणून त्यांच्याकडे निघालेलें बहुतेक रक्त एका लहानशा नलिकेनें महारोहिणींत वळतें. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटावयाची. ती उघडी राहिली तर महारोहिणींतलें रक्त उलट फुप्फुसांत शिरतें, आणि हृदय जादा राबून थकतें. हा दोष मुलींत मुलांच्या सुमारें दुप्पट आढळतो. उलट महारोहिणी अरुंद असणें किंवा दोन महावाहिन्यांची अदलाबदल होणें, हें मुलांत अधिक. बोस्टन येथें १९३८ सालीं रॉबर्ट ग्रॉस ह्यांनीं ही नलिका प्रथम यशस्वीपणें बांधली, ती सात वर्षांच्या एका मुलीचीच.

नोव्हेंबर २०१८ मध्यें महाराष्ट्रांत गोवर-रुबेला लसीची मोहीम निघाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांमुलींना सारखीच लस, कारण भावाचा रुबेला गरोदर आईला लागावयास वेळ लागत नाहीं. नवी मुंबईंत खारघर येथें तर जन्मजात हृदयदोषांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारें श्री सत्य साई संजीवनी बालरुग्णालयहि आहे.

तथापि मुलगी तेथवर पोंचावी लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील वैद्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या मुलांपैकीं ७० टक्क्यांची ती झाली. मुलींपैकीं केवळ ४४ टक्क्यांची. छातीवर व्रण राहील आणि लग्न अडेल, ही धास्ती पुष्कळ घरांत असते. वास्तविक ही नलिका आतां बहुधा मांडींतील रक्तवाहिनींतून बारीक नळी नेऊन बंद करतात. छातीला शस्त्र लागतहि नाहीं.