वेताळापासून ॲटमपर्यंत

डहाणू लोकलमध्ये कॉलेजची मुलं हल्ली एक जाडसर, काळ्यापांढऱ्या चित्रांचं पुस्तक शेवटाकडून सुरुवातीकडे उलटत बसलेली दिसतात. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. समोरच्या बाकावरचे काका त्या पुस्तकाकडे संशयाने बघतात. आमच्या वेळी हे असलं परदेशी खूळ नव्हतं, हे तोंडाने म्हटलं नाही तरी चेहऱ्यावर असतंच.

पण खूळ होतंच, आणि तेही बाहेरूनच आलेलं. मराठीत छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत 'सिंहासनबत्तिशी' आहे. 1814 साली ती दूर बंगालात, श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या छापखान्यात, मोडी लिपीत छापली गेली. पुतळ्यांनी राजाला गोष्टी सांगायच्या, असा तिचा थाट. 1830 मध्ये सदाशिव काशीनाथ छत्र्यांची 'वेताळपंचविशी' आली. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि ते काम चिरंजीव विष्णुशास्त्र्यांनी पुढे नेलं. निबंधमालेच्या कर्त्याच्या घरात जिन आणि जादूचे दिवे सुखाने नांदत होते.

आज मुली ज्या आवडीने रक्तपिपासू नायकांच्या प्रेमकथा वाचतात, तिचा पणजोबाही सापडतो. रेनॉल्ड्स हा विलायतेतला लेखक तिकडच्या सभ्य समाजात बदनाम, इकडे मात्र अफाट लोकप्रिय. माणूस लांडगा होतो, सैतानाशी सौदा करतो आणि तरीही प्रेमात पडतो, हा मालमसाला त्याच्याकडे 1840 च्या दशकातच तयार होता. गो. ना. दातारशास्त्र्यांनी त्याच्या कादंबऱ्यांना असा देशी पोशाख चढवला की पिढ्यान् पिढ्या वाचकांना मूळ लेखकाची आठवणही झाली नाही. नाथमाधवांच्या 'वीरधवल'वरही त्याची सावली आहे.

आपल्या पालघर जिल्ह्याचं नाव या वंशावळीत येतं ते बाबूराव अर्नाळकरांमुळे. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, टोपणनावात मात्र वसई तालुक्यातलं अर्नाळा. हजाराच्या वर पुस्तकं लिहिलेला हा माणूस रहस्यकथांचा, म्हणजे अद्भुत, भय आणि विज्ञानकथा या आपल्या विषयाच्या तसा वेशीवरचा. पण झुंजार आणि काळापहाड या त्याच्या नायकांनी जे घडवलं ते पुढे सगळ्यांच्या उपयोगी पडलं: दिवसाच्या भाड्याने पुस्तक देणारी, वाण्याच्या दुकानाएवढी वाचनालयं. तिथल्या प्रतीला खाकी कागदाचं कव्हर, मागे तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी आणि एखाद्या दुष्टाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेलं खुन्याचं नाव. 'नवीन काय आलंय?' या प्रश्नावर गल्ल्यावरचा माणूस जे पुस्तक पुढे सरकवायचा, तेच घरी जायचं. त्याच्याइतका वाचक ओळखणारा समीक्षक मराठीत क्वचितच झाला असेल.

विज्ञानकथाही उसन्या बियाण्यावरच रुजली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकातून 1900 साली ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत आली. नंतर भा. रा. भागवतांनी तोच व्हर्न मुलांच्या हाती दिला, आणि त्या भाषेला कुठे परकेपणाचा वासही नव्हता. मग 1969 उजाडलं. जुलैत माणूस खरोखर चंद्रावर उतरला आणि ऑक्टोबरात तारापूरची अणुवीज सुरू झाली. अमेरिकन बनावटीच्या दोन अणुभट्ट्या बोईसर स्टेशनपासून थोड्याच अंतरावर, नारळाच्या आणि मासळीच्या गावांशेजारी. पुस्तकातलं भविष्य इथे कुंपण घालून उभं राहिलं. त्या भविष्याची किंमत पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीच्या वेळी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी घरदार सोडून मोजली. परग्रहावरून कुणीही न येता गाव उठतं, हे कथाबीज मराठी विज्ञानकथेने पुरतं वापरलेलं नाही, असं माझं मत.

1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'ना. वि. जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली. नावाची आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर. हस्ताक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्रातले बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी फळी उभी राहिली आणि विज्ञानकथेला प्रतिष्ठा आली. इतकी, की 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते.

त्या प्रतिष्ठेचा एक तोटाही झाला. नारळीकर दिवाणखान्यात गेले आणि नारायण धारप उशीखाली राहिले. धारप स्वतः रसायनशास्त्र शिकलेले, विज्ञानकथाही लिहिणारे, पण समर्थ या आपल्या नायकाच्या आणि भुताखेतांच्या गोष्टींमुळे कायम भाड्याच्या वाचनालयातले. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने भय, गूढ आणि विज्ञान एका पंगतीला बसवलं होतं. तीच दृष्टी बरोबर होती. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना थोडा मान मिळाला, धारपांना मात्र तो मिळायला 2018 चा 'तुंबाड' यावा लागला. त्या सिनेमामागे त्यांची 'आजी' आहे.

मांगावाल्या मुलांना दिवाणखान्यातली आणि उशीखालची पुस्तकं ही विभागणी माहीतच नाही, हे मला फार आवडतं. त्यांच्या पुस्तकात यंत्रमानव, पिशाच्च आणि पहिलं प्रेम एकाच प्रकरणात येतं. मराठी 'चांदोबा' सुरू झाला त्याच 1952 साली ओसामू तेझुकाने जपानमध्ये ॲटम या अणुशक्तीवर चालणाऱ्या यंत्रमुलाची मालिका सुरू केली. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम सात वर्षं झाली होती. तारापूरच्या कॉलनीत वाढणाऱ्या मुलाने हा ॲटम, म्हणजे इंग्रजीतला 'ॲस्ट्रो बॉय', वाचावा, आणि त्यानंतर केइजी नाकाझावाचं 'बेअरफूट गेन'. हिरोशिमातून जिवंत सुटलेल्या माणसाने काढलेलं आहे ते; एका दमात संपवू नये. तेझुकाचाच 'बुद्ध' घरातल्या मोठ्यांनाही देता येईल.

मराठीतच वाचायचं असेल तर हृषीकेश गुप्ते यांचं 'घनगर्द' आधी, रात्री एकटं असताना नको. मेघश्री दळवींच्या कथा दिवाळी अंकांत शोधाव्या. 'धनंजय' हा अंक त्यासाठीच घेणारे वाचक आहेत. टॉल्किनला इंग्रजीत घाबरणाऱ्यांसाठी मुग्धा कर्णिकांचं 'स्वामी मुद्रिकांचा' आहे. धारपांपैकी 'लुचाई' घ्यावी, आणि ती संपल्यावरच स्टीफन किंगचं 'सालेम्स लॉट', कारण गोष्ट मुळात तिथली आहे. उलट्या क्रमाने वाचलंत तर खुन्याचं नाव आधीच कळल्यासारखं होईल.