कौल नसलेली पेठ

दुकान तुमचे, गिऱ्हाईक तुमचे. 'नवा माल आला की कळवत जा' असे त्या गिऱ्हाइकाने आपणहून सांगितलेले. तरीही ती खबर त्याच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी तिसऱ्याच कुणाला पैसे मोजावे लागतात. समाजमाध्यमांवर धंदा करणाऱ्यांना आज याचे नवल वाटत नाही. परंतु हे नेहमीच असे नव्हते. ते असे कसे झाले याला तारखा आहेत, कागद आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेवढे पुरते. आजचा धागा फेसबुकच्या पेजेसविषयी आहे.

प्रारंभ मात्र जरा जुन्या काळापासून करतो. मराठी अमदानीत नवी पेठ वसवायची झाली की सरकारातून कौल दिला जाई. ओसाड जागी येऊन दुकान थाटायला वाणी-उदमी सहजासहजी तयार होत नसत. म्हणून कौलात अभय असे आणि ठरावीक वर्षांपुरती करांची माफी असे. मुदत सरली की जकात, मोहतर्फा वगैरे सुरू. पेठेचे वतनदार म्हणजे शेटे-महाजन. वस्ती वाढवणे ही त्यांची जबाबदारी. तेव्हा आधी सवलतीने बोलवावे, वर्दळ वाढू द्यावी आणि मग पट्टी बसवावी, ही युक्ती कॅलिफोर्नियात जन्मलेली नाही. कौलातला महत्त्वाचा शब्द होता 'मुदत'. माफी किती वर्षांची, हे व्यापाऱ्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असे. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

६ नोव्हेंबर २००७ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये फेसबुकची नवी जाहिरात-व्यवस्था जाहीर केली. तिच्याबरोबरच व्यवसायांना स्वतःचे 'पेज' उघडण्याची सोय मिळाली. पेज उघडायला पैसे पडत नव्हते. लोकांनी त्या पेजचे 'फॅन' व्हायचे, मग पेजवरचा मजकूर त्यांच्या फीडमध्ये दिसायचा. एप्रिल २०१० मध्ये 'फॅन' गेले आणि 'लाइक' आले. फॅन होण्यात थोडीफार निष्ठा तरी होती. लाइक करायला अंगठा पुरतो. त्यामुळे आकडे भराभर वाढले. दुकानांच्या पाट्यांवर, बिलांवर, पिशव्यांवर 'आम्हाला फेसबुकवर लाइक करा' हे वाक्य आले. म्हणजे छोट्या दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने फेसबुकची जाहिरात केली, आणि त्या वेळी ते कुणाला विचित्र वाटले नाही. कित्येकांनी तर लाइक मिळवण्यासाठी फेसबुकवरच पैसे देऊन जाहिराती केल्या. पेठेत गर्दी जमवली ती गाळेवाल्यांनी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'पूर्वी सगळ्यांना सगळे दिसत होते' अशी एक गोड आठवण पुष्कळांच्या लेखनात आढळते. ती खरी नाही. न्यूज फीड सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाले आणि त्यात निवड ही होतीच. २०१० साली कंपनीने आपल्या विकसक परिषदेत या निवडीचे सूत्र 'एजरँक' या नावाने मांडले होते. त्यात तीन घटक होते : पाहणाऱ्याची त्या व्यक्तीशी किंवा पेजशी किती जवळीक आहे, मजकूर कोणत्या प्रकारचा आहे आणि तो किती ताजा आहे. गाळणी पूर्वीपासूनच होती. बदल झाला तो तिच्या भोकांच्या आकारात, आणि ती भोके मोठी करून देण्याला किंमत लागली त्यात.

निर्णायक वर्ष २०१२. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला कंपनीने शेअर बाजारात उतरण्यासाठीचे दस्तऐवज दाखल केले. जोखमींच्या यादीत तिने स्वतःच लिहिले होते की मोबाइलवरील वापरातून आपल्याला म्हणावे तसे उत्पन्न मिळत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली याच कबुलीत आहे. संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे जाहिरातींचा एक रकाना होता. फोनच्या चिंचोळ्या पडद्यावर उजवी बाजूच नसते! लोक तर फोनकडे वळत होते. तेव्हा जाहिरात फीडच्या आतच बसवणे भाग होते, आणि फीडमधली जागा विकायची म्हणजे तेथे फुकट बसलेल्यांना सरकवणे आले.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत जाहिरातदारांचा मेळावा भरला. एखाद्या पेजची पोस्ट सरासरी सुमारे १६ टक्केच अनुयायांपर्यंत पोहोचते, असे कंपनीने तेथे सांगितले. औषधही तयार होते. 'रीच जनरेटर' नावाची योजना घेतली तर महिन्याभरात ७५ टक्के अनुयायांपर्यंत पोहोचण्याची हमी. ही योजना बड्या जाहिरातदारांसाठी होती. १८ मे रोजी शेअर बाजारात आले, आणि मे महिना संपायच्या आत छोट्या पेजेससाठीही 'प्रमोटेड पोस्ट'ची सोय झाली. पुढे ज्याला सारे 'बूस्ट' म्हणू लागले ते हेच. अवघ्या ५ डॉलरपासून सुरुवात. रक्कम निवडा, बटण दाबा. ज्याच्याकडे जाहिरात-संस्था नाही अशा बेकरीवाल्यालाही ते जमत होते, आणि त्यातच त्याचे यश होते.

शरद ऋतूपर्यंत ओरड सुरू झाली. बास्केटबॉलच्या डॅलस मॅव्हरिक्स संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये उघडपणे तक्रार केली आणि आपले लक्ष इतर माध्यमांकडे वळवण्याची भाषा केली. अब्जाधीशाची तक्रार बातमी होते. छोट्या दुकानदाराची होत नाही. म्हणून त्याचे म्हणणे शोधायला मेहनत पडते.

आता दोन कागद शेजारी ठेवून पाहू. डिसेंबर २०१३ मध्ये 'अ‍ॅड एज' या जाहिरात-व्यवसायाच्या नियतकालिकाने फेसबुकच्या विक्री विभागाचे एक टिपण उजेडात आणले. पेजेसची विनाशुल्क पोहोच हळूहळू घटत जाईल अशी अपेक्षा आहे, असे त्यात भागीदारांना सांगितले होते. दुसरा कागद ५ जून २०१४ चा, जाहीर. कंपनीचे अधिकारी ब्रायन बोलँड यांनी लिहिले की एखादा सभासद फेसबुक उघडतो तेव्हा सरासरी १,५०० गोष्टी त्याला दाखवता येण्याजोग्या असतात, त्यांतल्या सुमारे ३०० निवडाव्या लागतात. स्पर्धा वाढली म्हणून पोहोच घटली. पैसे कमावण्यासाठी नव्हे. या दोन कागदांत कोणता खरा? माझ्या मते दोन्ही. १,५०० चा हिशेब खोटा मानण्याचे कारण नाही. पण निवड कुणाच्या बाजूने झुकवायची हे ठरवणारा आणि बूस्टचे बटण विकणारा एकच होता, हे जाहीर कागदात ठळक दिसत नाही. विक्रीच्या टिपणात दिसते. खाजगी पत्र आणि जाहीरनामा एकाच तराजूत घालू नये, हे आपल्याला पहिल्या सत्रातच शिकवतात.

या दोन कागदांच्या मधल्या काळात, मार्च २०१४ मध्ये, ओगिल्वी या जाहिरात-संस्थेचा अहवाल आला. त्यांनी अभ्यासलेल्या शंभराहून अधिक पेजेसची सरासरी पोहोच ऑक्टोबर २०१३ मध्ये १२ टक्के होती, ती फेब्रुवारीत ६ टक्क्यांवर आली होती. चार महिन्यांत निम्मी. पाच लाखांहून अधिक लाइक असलेल्या पेजेसची तर २ टक्क्यांच्या आसपास.

त्याच महिन्याच्या अखेरीस 'ईट२४' या घरपोच जेवण मागवण्याच्या सेवेने फेसबुकला चक्क काडीमोडाचे पत्र लिहिले आणि सुमारे ७०,००० लाइकचे आपले पेज बंद केले. पत्र विनोदी होते, मुद्दा गंभीर होता : ज्यांनी आम्हाला निवडले त्यांनाच आम्ही दिसत नाही. कंपनीच्या प्रवक्त्याने त्याच सुरात उत्तर दिले. आशय असा की आमच्या एका मित्राला मूल झाले, दुसऱ्याने घरी केलेल्या कपकेकचा सुरेख फोटो टाकला. लोकांना तुमच्या सुशीपेक्षा यात जास्त रस आहे. हे उत्तर मी अनेकदा वाचले आहे. मित्राचा कपकेक ही खबर आणि बेकरीचा कपकेक ही जाहिरात, ही रेषा तेथे अगदी सहज आखलेली आहे. उद्या तो मित्र कपकेक विकू लागला तर?

पट्टी न देणाऱ्याला पेठेबाहेर काढले तर काय होईल, याचा प्रयोगही झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये श्रीलंका, बोलिव्हिया, स्लोव्हाकिया, सर्बिया, ग्वाटेमाला आणि कंबोडिया या सहा देशांत पेजेसच्या विनाशुल्क पोस्ट मुख्य फीडमधून काढून 'एक्सप्लोर' नावाच्या वेगळ्या फीडमध्ये टाकल्या गेल्या. पैसे भरलेल्या पोस्ट मात्र मुख्य फीडमध्ये राहिल्या. स्लोव्हाकियातील पत्रकार फिलिप स्ट्रुहारिक यांनी हे जगासमोर आणले. मार्च २०१८ च्या प्रारंभी कंपनीने प्रयोग गुंडाळला. लोकांना दोन फीड नको आहेत, असे तिचे म्हणणे. देशांची यादी पुन्हा एकदा वाचा. अमेरिका त्यात नाही.

तोवर ११ जानेवारी २०१८ रोजी झुकरबर्ग यांनी जाहीर केले होते की यापुढे फीडमध्ये मित्र-कुटुंबीयांना प्राधान्य, पेजेसचा मजकूर कमी. दुसऱ्या दिवशी शेअर चारेक टक्क्यांनी घसरला. उत्पन्न घसरले नाही. २०१२ साली सुमारे ५ अब्ज डॉलर असलेले वार्षिक उत्पन्न २०१७ मध्ये ४० अब्जांवर गेले होते, आणि त्यातला जवळजवळ सर्व पैसा जाहिरातींचा.

'फुकटच्या जागेवर बसून कुरकुर कसली?' असा प्रतिसाद या धाग्याखाली येणार, हे मला ठाऊक आहे. प्रश्न रास्त आहे. पेज फुकट होते, नियम बदलण्याचा अधिकार कंपनीने अटींमध्ये राखून ठेवलेला होता, आणि जागा सांभाळायला खर्च येतोच. कायद्याने पाहता कुणाचा करार मोडला नाही. परंतु पेठेतल्या कासाराला कौलाची मुदत माहीत होती. शिवाय पट्टी परवडेना म्हणून तो दुसऱ्या गावी गेला, तरी आपली गिऱ्हाइके कोण, कुठल्या आळीत राहतात, हे त्याच्या डोक्यात नि वहीत असे. पेजवाल्याला आपल्या अनुयायांची वही कधी मिळालीच नाही. ईट२४ ने पेज बंद केले तेव्हा ते ७०,००० लाइक कुठेही बरोबर नेता आले नाहीत.

पेठांच्या कौलांवर स्वतंत्र धागा लिहायचे बरेच दिवस मनात आहे. कौलांच्या नकला तपासून होताच तो येथेच टाकीन. कुणाच्या घरी शेटेपणाचे किंवा महाजनकीचे जुने कागद असतील तर जरूर कळवावे; मोडी वाचण्याचे काम मी आनंदाने करीन.