पुण्याचे चार क्लब आणि पंधरा वर्षांची उचल

२०१५ ते २०१९ या पाच वर्षांत पुण्यातल्या चार व्यावसायिक फुटबॉल क्लबांनी गाशा गुंडाळला. चारही क्लबांचे मालक वेगळे होते, चौघांकडेही पैसा होता. तरी आज त्यातला एकही देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही.

पहिला पुणे एफसी. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने तो सुरू केला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला आणि पोरं घडवणारी अकादमीही त्याने चालवली. दुसरा भारत एफसी, कल्याणी समूहाचा. २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला, शेवटचा आला आणि संपला. तिसरा डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना क्लब. डीएसके या बांधकाम समूहाने तो मोठा केला आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबशी जोडलेली अकादमी काढली. २०१७ नंतर तो आय-लीगमध्ये दिसला नाही आणि २०१८ मध्ये समूहाच्या प्रमुखांना ठेवीदारांच्या प्रकरणात अटक झाली. चौथा एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगमधला. त्याच्यामागे वाधवान समूह होता, सहमालक म्हणून हृतिक रोशन आणि सुरुवातीला भागीदार म्हणून इटलीचा फियोरेंटिना क्लब. २०१७-१८ मध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली. २०१९ मध्ये पैशाअभावी तोही बंद पडला.

यादी नीट बघितली तर एक गोष्ट लक्षात येते. चारपैकी तीन मालकांचा धंदा घरं बांधण्याशी किंवा घरांना कर्ज देण्याशी जोडलेला होता. क्लबची स्वतःची कमाई फार थोडी होती. बालेवाडीचं स्टेडियम सरकारचं, तिकिटं स्वस्त आणि टीव्हीचे हक्क लीगच्या हातात. म्हणजे दर महिन्याचा पगार मालकाच्या दुसऱ्या खिशातून यायचा. तो खिसा आटला की क्लबही आटायचा.

मी कपिलधारचा. बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळच्या डोंगरात आमचं गाव. इथं फुटबॉल मोबाइलवर बघायचा. पण पैसा आधी घेतला की काय होतं, हे समजायला बीडच्या माणसाला पुस्तक लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी मुकादम उचल देतो. उचल घेतली की हंगाम कुठं करायचा, किती दिवस करायचा, हे ठरवणारा दुसराच असतो.

भारतीय फुटबॉलने अशीच एक उचल घेतली. ९ डिसेंबर २०१० रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी करार केला: पंधरा वर्षं, ७०० कोटी रुपये. वर्षाला सरासरी सत्तेचाळीस कोटींच्या आसपास. बदल्यात खेळाचे व्यापारी हक्क कंपनीकडे गेले. याच करारातून इंडियन सुपर लीग जन्मली. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात पहिला सामना झाला आणि अ‍ॅटलेटिको दी कोलकाताने मुंबई सिटीला ३-० ने हरवलं. संघ आठ. मालकांमध्ये उद्योगपती, सिनेनट, क्रिकेटपटू. लीगमधून कुणी खाली जाणार नव्हतं आणि जिंकून कुणी वर येणार नव्हतं. गुंतवणूकदाराला हे सोयीचं होतं, कारण त्याची जागा पक्की राहायची.

याची किंमत गोव्याने मोजली. धेंपो क्लबने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं होतं. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनीही ते दोन-दोनदा जिंकलं. पण नव्या आराखड्यात जुन्या क्लबांची जागा दुसऱ्या पायरीवर होती. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडून दिली. गंमत अशी, की सुपर लीगमधल्या एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर हेच होते. त्यांच्या जोडीला व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत, म्हणजे आमच्या मराठवाड्यात, औरंगाबादेत वाढलेली कंपनी. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एफसी गोवा मात्र टिकला, कारण तिथं भार पेलणारे खांदे एकापेक्षा जास्त होते. पुण्यात एक खांदा वाकला की तिरडीच उचलायची वेळ यायची.

मुंबईची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथं आधी कंपन्यांचे संघ होते. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुढे मुंबई सिटी आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने त्याचे ६५ टक्के भाग घेतले आणि २०२०-२१ मध्ये संघाने साखळीतलं अव्वल स्थान आणि करंडक दोन्ही पटकावले. म्हणजे पैसा आणि जाणकारी एकत्र आली की निकाल लवकर दिसतो, हे मान्यच करायला हवं. पण २०२५ सरता सरता तो समूहही बाहेर पडला.

कारण तोवर उचलीची मुदत भरत आली होती. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, पुढचा ठरलेला नाही. म्हणून जुलै २०२५ मध्येच लीग चालवणाऱ्या कंपनीने नवा हंगाम थांबवून ठेवला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. महासंघाने नवी निविदा काढली, तर नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. पंधरा वर्षांत लीग आठ संघांवरून चौदावर गेली होती, पण स्वतःच्या पायावर उभी राहिलेली नव्हती.

पुण्याच्या जागेचं पुढे काय झालं, तेही बघा. २०१९ मध्ये तिच्यावर हैदराबाद एफसी उभा राहिला. त्याने २०२१-२२ चा करंडक जिंकला. मग तिथलेही पैसे संपले आणि २०२५ मध्ये तोच क्लब स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. दरवेळी जागा पुढे सरकली आणि तिला आपलं मानणारी माणसं मागे राहिली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कॅनडाची प्रीमियर लीग २७ एप्रिल २०१९ रोजी सात क्लबांनिशी सुरू झाली. तिथंही देशाच्या संघटनेने व्यापारी हक्क एका कंपनीला ठरावीक रकमेवर देऊन टाकले आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. कोलकात्यातून २०१७ मध्ये बाहेर पडलेला अ‍ॅटलेटिको माद्रिद २०२० मध्ये ओटावात क्लब घेऊन तिथं पोचला. २०२२ मध्ये एडमंटनचा क्लब गेला. २०२५ मध्ये विनिपेगचा व्हॅलर एफसी बंद झाला. व्हॅलर तर तिथल्या लोकांच्या मालकीच्या संस्थेने चालवलेला होता. म्हणजे मालकी लोकांची असली की सगळं आपोआप टिकतं, हेही खरं नाही. आपल्याला ते सहकारी साखर कारखान्यांनी आधीच शिकवलंय. सभासदांचे भाग असूनही कारखाने बुडालेच की.

तरी दोन्हींत फरक आहे, आणि तो कपिलधारला राहून मला जास्त कळतो. इथं मन्मथ स्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या गावांतून दिंड्या चालत येतात. एखाद्या वर्षी एखादा मोठा देणगीदार आला नाही, तरी यात्रा भरते, कारण खर्च हजारो घरांत वाटलेला असतो. कोल्हापूरचा फुटबॉल असाच चालतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पेठाच्या पेठा मागे उभ्या राहतात. त्यात भांडणं होतात, राजकारणही शिरतं आणि पगार फार मोठे नसतात. पण याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

व्यावसायिक लीग नुसत्या पेठेच्या वर्गणीवर चालणार नाही. प्रवास, प्रशिक्षक, डॉक्टर, मैदान, सगळ्याला मोठा पैसा लागतो आणि तो गुंतवणूकदाराकडूनच येणार. त्याला हाकलून भागणार नाही. पण जर्मनीत बहुतेक क्लबांत मतदानाचा निम्म्याहून जास्त हक्क सभासदांकडे राहतो आणि पैसेवाला मालक त्यांच्या शेजारी बसतो. शिवाय तिथं जिंकलेला संघ वर येतो, हरलेला खाली जातो. आपल्याकडे तो दरवाजा २०२३ मध्ये पंजाब एफसीसाठी पहिल्यांदा उघडला.

तेव्हा पुढच्या वेळी मराठवाड्यात किंवा पुण्यात नव्या संघाची घोषणा झाली, तर कोणता हिरो येणार आणि जर्सी कशी असेल, एवढ्यावर थांबू नका. मैदान कुणाच्या नावावर आहे? मालक निघून गेला तर क्लबचं नाव कुणाकडे राहील? अकादमीतल्या पोरांची फी आणि जेवण किती वर्षांसाठी बाजूला ठेवलंय? पुण्याच्या चार क्लबांच्या वेळी हे प्रश्न कुणी मोठ्याने विचारले नाहीत. त्यांची उत्तरं अकादमीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना क्लब बंद झाल्यावर मिळाली.