ताबा आधी, दाखला मागाहून

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये नवं घर घेतलेल्या कुटुंबाने तिथे राहायला कधी जायचं, हे ठरवणारे तिघे असतात. पंचांग मुहूर्त देतं, बिल्डर चावी देतो आणि महापालिका भोगवटा प्रमाणपत्र देते. या तिसऱ्या कागदाला सगळे ओसी म्हणतात. कायद्याच्या हिशेबात खरा अधिकार त्याचाच. तरीही गेल्या साठेक वर्षांत उपनगरांतली कितीतरी कुटुंबं ओसीची वाट न बघता सामान घेऊन वर गेली, दाराला तोरण लावलं, नव्या ओट्यावर दूध उतू जाऊ दिलं आणि मग वर्षानुवर्षं, ओसी नाही म्हणून, चढ्या दराचं पाणी घेत राहिली. यावर नेहमी ऐकू येणारा शेरा म्हणजे लोकांना घाई असते, कागद वाचायचे नसतात आणि मुहूर्त मात्र चुकवायचा नसतो. हा शेरा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. उपनगरातल्या घराचे पैसे ज्या रीतीने भरायचे ठरले, त्या रीतीत ओसीपर्यंत थांबणं पगारदार कुटुंबाला परवडणारंच नव्हतं. आणि ही रीत कायद्याला चुकवून चोरवाटेने आलेली नाही. ती कायद्याच्या देखतच रुळली.

सुरुवात अशी नव्हती. मुंबईत मध्यमवर्गाने एकत्र येऊन घर बांधण्याचा पहिला नावाजलेला प्रयत्न १९१५ सालचा, गावदेवीच्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तळमकी होते आणि आशियातली पहिली गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिथला क्रम महत्त्वाचा आहे. आधी सभासद, मग संस्था, मग जमीन, मग इमारत. बांधून घेणारे आणि राहायला जाणारे तेच, त्यामुळे दाखला अडला तर तो आणण्याची गरज आणि ताकद एकाच हातात होती. उपनगरांत त्या काळात आणखी सरळ व्यवहार चाले. १९२० मध्ये ठाण्यापासून वेगळा मुंबई उपनगर जिल्हा झाला, मुलुंडच्या स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतची चौकटीची आखणी १९२२ च्या सुमारास झाली, १९२८ च्या जानेवारीत विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोचली. प्लॉट घ्यायचा, एक-दोन खोल्या उठवायच्या आणि पैसे येतील तसा माळा चढवायचा, हा तेव्हाचा शिरस्ता. स्थानिक कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन गावठाणांत तर तो त्याही आधीपासून होता. घर पुरतं होण्याआधी आत जाण्यात तेव्हा धोका फारसा नव्हता, कारण आत जाणाऱ्याचे पैसे दुसऱ्या कुणाकडे अडकलेले नसत.

हा क्रम उलटा झाला तो स्वातंत्र्यानंतर. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणं हा मग तोट्याचा धंदा झाला. नवी घरं बांधायची तर ती विकायलाच बांधायची, हे गणित त्यातून आलं आणि ‘ओनरशिप’ हा शब्द मुंबईच्या मराठीत कायमचा वस्तीला आला. मोकळी जमीन होती उपनगरांत. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली होती, म्हणजे त्या जमिनीवरच्या इमारतींना आता मुंबईचेच नियम लागू झाले. पण इमारत बांधणारा आता बिल्डर होता. आधी इमारत, मग गिऱ्हाईक आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, सोसायटी. तक्रारी इतक्या वाढल्या की महाराष्ट्र राज्य होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, २० मे १९६० रोजी, सरकारने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये आला आणि त्यातून १९६३ चा सदनिकांचा कायदा झाला, ज्याला सगळे मोफा म्हणतात.

मोफातलं एक कलम इथे बारकाईने बघायला हवं. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने कुणाला ताबा देऊ नये, असं ते सांगतं. इथवर ठीक. पण त्याच वाक्यात पुढे असंही आहे की दाखल्याशिवाय कुणी ताबा घेऊही नये. म्हणजे बंदी दोघांवर, जणू दोघांची बाजू सारखीच. तशी ती नव्हती. याच कायद्याने लेखी करार नोंदवण्याआधी किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायला मनाई केली आणि ही सुधारणा खरोखर मोठी होती. करारानंतरचे पैसे मात्र बांधकाम चढेल तसे द्यायचे, हा रिवाज चालूच राहिला. आजही महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नमुना करारात तोच जिना आहे: करार झाल्यावर तीस टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की पंचेचाळीस, सगळे स्लॅब पडले की सत्तर, भिंती, आतलं प्लास्टर, लाद्या, दारं-खिडक्या झाल्या की पंचाहत्तर, पुढे नळ, जिने आणि बाहेरचं प्लास्टर करत पंच्याऐंशी, लिफ्ट आणि पंप बसले की पंचाण्णव. उरलेले पाच टक्के ओसीनंतर, ताबा घेताना. सगळा विषय या पाच टक्क्यांत आहे. ओसीचा प्रश्न उभा राहतो तेव्हा कुटुंबाच्या हाताशी बिल्डरवर दबाव टाकायला एवढीच रक्कम शिल्लक असते. बाकी सगळं आधीच गेलेलं, त्यातलं बरंचसं कर्जाचं, आणि त्या कर्जाचं व्याज घरात पाऊल पडण्याआधीच सुरू झालेलं.

कर्ज सहज मिळू लागलं म्हणून हा ताण कमी झाला असेल, असं वाटू शकतं. झालं उलटंच. गृहकर्ज देण्यासाठी १९७७ मध्ये स्थापन झालेल्या एचडीएफसीने पहिलं कर्ज १९७८ मध्ये दिलं ते उपनगरातल्याच, मालाडच्या घरासाठी: सत्तर हजारांचं घर, पस्तीस हजारांचं कर्ज. उरलेले निम्मे पैसे घर घेणाऱ्याने स्वतः उभे करायचे होते. पुढच्या काळात बँकांचा वाटा वाढत गेला आणि वाढला तितका हप्ताही वाढला. नव्या घराचं व्याज एका खिशातून आणि जुन्या घराचं भाडं दुसऱ्या खिशातून, अशी जी वर्षं जातात, त्यांत ओसीला सहा महिने उशीर म्हणजे सहा महिन्यांचा दुहेरी खर्च. बिल्डर नेमक्या याच वेळी म्हणतो, ‘फिट-आउटसाठी चावी घ्या, कागद येतील मागाहून.’ सुतार आत शिरतो, वॉर्डरोब लागतात आणि एका रविवारी कुटुंबही येतं. याला उतावीळपणा म्हणायला वही-पेन्सिल घेऊन हा हिशेब कधी मांडलेला नसावा लागतो.

यावर एक दमदार आक्षेप असा की भाडे नियंत्रणाखाली जुन्या खोल्यांचं भाडं नगण्य होतं. गिरगाव-परळच्या चाळीतलं कुटुंब निवांत थांबू शकलं असतं, मग दुहेरी खर्चाचा बाऊ कशाला? ज्यांच्याकडे अशी खोली होती आणि जी रिकामी करायची घाई नव्हती, त्यांच्याबाबत हे खरं आहे. पण पुष्कळांनी उपनगरातल्या फ्लॅटचे शेवटचे हप्ते भरले ते तीच खोली पागडीवर सोडून, म्हणजे पैसे हातात येण्याची अट खोली रिकामी करणं हीच होती. शिवाय १ फेब्रुवारी १९७३ ला लीव्ह-अँड-लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं, आणि त्यानंतर घरमालक सावध झाले. अकरा महिन्यांचा करार आणि मग दुसरं घर शोधा, ही फरफट उपनगरांत उशिरा आलेल्यांच्या वाट्याला आली. त्यांच्यासाठी थांबण्याचा काळ फुकटचा कधीच नव्हता.

मुहूर्ताचा आक्षेपही टाळता येणार नाही. पंचांगात वास्तुशांतीचे मुहूर्त मोजके असतात, चातुर्मासात आणखी विरळ होतात, पितृपक्षात तर कुणी नाव काढत नाही. तेव्हा लोक तारीख साधायला ओसीआधी घुसतात, असं म्हणायला वाव आहे. पण विधी प्रत्यक्षात कसा बदलला ते बघावं. गृहप्रवेशाचे विधी गृह्यसूत्रांइतके जुने, आणि ते गृहीत धरतात जमीन. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून, सप्तधान्य आणि शेवाळ घालून, पालथी ठेवायची असते. चौथ्या मजल्यावर जमीन कुठली? तिथे खड्डा खणला तर तिसऱ्या मजल्यावाल्याचं छत लागेल. उपनगरातल्या गुरुजींनी आणि लादीवाल्यांनी मिळून यातून वाट काढली. आग्नेयेची एक लादी बसवायची ठेवून द्यायची, स्लॅबवरच्या भरणीत ओंजळभर जागा करायची, प्रतिमा ठेवून झाली की लादी सिमेंटने कायमची बंद. जो विधी जमिनीवाचून चालवून घेतो, तो तारखेचंही जमवून घेतो. घाईच्या मुहूर्तावर पूजा करून, दाराला कुलूप लावून भाड्याच्या घरी परतलेली कुटुंबं काही थोडी नाहीत. मुहूर्त कुटुंबाला एक दिवस आत नेतो. कायमचं आत ढकलतं ते भाडं.

आणि घर अपुरं असताना आत जाणं मुळात गैर, हे तरी सरकारनेच कुठे सदासर्वकाळ मानलं? १९८५ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नगर विकास प्रकल्प राबवला गेला, तेव्हा चारकोप आणि गोराईत पंचवीस-तीस चौरस मीटरचे भूखंड पाणी-गटाराची सोय करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिले गेले. पस्तीसेक घरांची एक सोसायटी, मध्ये सामाईक अंगण, आणि भिंती ज्याच्या त्याने ऐपतीप्रमाणे उभ्या करायच्या. तिथे पत्र्याखाली संसार थाटून मग पक्कं छत घालणं हेच योजनेला अपेक्षित होतं. आज त्या गल्ल्यांमधून फिरलं तर दोन-तीन मजल्यांची, एकसारखी नसलेली, पण नांदती घरं दिसतात. तिथे हे चाललं, कारण मुळात बिल्डरच नव्हता. अपुरेपणाचा तोटा आणि तो भरून काढण्याचा हक्क एकाच माणसाकडे राहिला. माझ्या मते उपनगरांच्या घरबांधणीच्या इतिहासातला हा सर्वांत कमी वाखाणलेला प्रयोग आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर शब्दच्छल करू नये. ओसी म्हणजे आगीचा जिना मोकळा आहे, पाणी-मलनिःसारण जोडलेलं आहे, मजले मंजूर नकाशाइतकेच आहेत याची खातरजमा. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरीपलीकडचे मजले उठले, लोक १९८० च्या दशकात राहायला आले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले तेव्हा दाखल्याविना राहण्याची किंमत सगळ्या शहराने पाहिली. पण त्या प्रकरणातून जो धडा नेहमी काढला जातो, की घेणाऱ्याने सावध राहावं, तो अर्धाच आहे. ज्याच्या हातात मंजुरी, नकाशे आणि पंचाण्णव टक्के रक्कम, त्याने सावध राहायला भाग पाडणारं काही होतं का? २०१६ च्या रेरा कायद्याने याचं काही उत्तर दिलं. ताब्याला उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं, ग्राहक माघार घेऊन पैसे परत मागू शकतो. त्याच कायद्यात ग्राहकाने ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यावा असंही बंधन आहे. ओसी आषाढात आली तर गुरुजी आणि कायदा यांच्यात कुणाचं ऐकायचं हा पेच उरतो, पण तो सोसण्यासारखा आहे. पैशांचा जिना मात्र रेरानेही जवळपास तसाच ठेवला.

या सगळ्याची उलटतपासणी करायची तर पुनर्विकासाकडे बघावं. साठ-सत्तरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या उपनगरी इमारती आता पाडून पुन्हा बांधल्या जाताहेत, आणि त्यांतल्या जुन्या सभासदाने बिल्डरला हप्ते द्यायचे नसतात. उलट बिल्डरच त्याला बाहेर राहण्याचं भाडं देतो. उशीर झाला तर खर्च वाढतो तो बिल्डरचा. सहकार कायद्याच्या ७९-अ खाली सरकारने २००९ मध्ये आणि सुधारून ४ जुलै २०१९ ला ज्या सूचना काढल्या, त्यांत बँक गॅरंटी आहे आणि घरांचं वाटप ओसीनंतर करायची अटही आहे. तेच शहर, तेच लोक, तोच मुहूर्त, आणि तरीही इथला सभासद ‘आधी ओसी दाखवा, मग चावी’ असं ठणकावून सांगतो, कारण त्याला ते परवडतं. अर्थात भाडं येत राहिलं तोवरच. गोरेगावच्या पत्राचाळीतली ६७२ कुटुंबं २००८ च्या करारानंतर बाहेर पडली, भाडं थांबलं आणि परतीची वाट दहा वर्षांहून लांबली. भाड्याचे चेक वटेनासे झाले की कोणत्याही सोसायटीत सभासदाचा हिशेब पुन्हा फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या हिशेबासारखा होतो. सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून म्हणतं की निदान फिट-आउटसाठी तरी चाव्या घेऊन टाकू, आणि विरोध करायला फारसे हात वर होत नाहीत.